पिवळा ठिपका

काकू: उशीचा अभ्रा या आठवड्यात तिसऱ्यांदा धुतला. साबण बदलला, दोन दिवस उन्हात टाकला. तरी डोकं टेकलं की पेट्रोल पंपावर झोपल्यासारखं वाटतं. आणि वास म्हणे या घरात मला एकटीलाच येतो.

मिस्त्री: मलाही येतोय काकू. फाटकातून आत शिरलो तेव्हाच आला.

काकू: मग हे तुझ्या उस्तादांना सांग ना मोठ्याने. मी विषय काढला की म्हणतात, तुझ्या नाकाला कामधंदा नाही.

मिस्त्री: उस्तादांना मी काय सांगणार? माझं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली सहा माणसं आहेत, मुलीचं लग्न ठरतंय. आणि इथे आलो की अजून मी ‘गडबड्या’च.

काकू: ते प्रेमाने म्हणतात.

मिस्त्री: प्रेमाने म्हणतात म्हणून तर काही बोलता येत नाही.

काकू: गेले कुठे पण? दिवा आणायला गेले होते ना?

मिस्त्री: वीस मिनिटं झाली.

काकू: वरच्या कपाटात असेल. सापडत नसेल. वय झालं की वस्तू सापडत नाहीत.

मिस्त्री: हो ना. माझंही होतं कधी कधी.

काकू: तुझं वय काय रे?

मिस्त्री: पंचेचाळीस.

काकू: मग तुझं कसं होतं? उगाच माझी समजूत काढू नकोस. गाडीचं बोल. ही तुझी तिसरी खेप. रविवारी नात येतेय, तिला शेजारी बसवून घाटातून फिरवून आणायचं कबूल केलंय यांनी. आठ वर्षांची पोर ती. महिनाभर दिवस मोजतेय.

मिस्त्री: रविवार म्हणजे परवा.

काकू: परवाच. म्हणून तर तुला यांच्या नकळत फोन केला. खरं सांग, ही गाडी घाटात न्यायच्या लायकीची आहे का?

मिस्त्री: वास सापडेपर्यंत नाही. पेट्रोल सांडलं तर दिसतं, पुसता येतं. भीती वाफेची असते. या गाडीत टाकी सीटच्या पाठीमागेच आहे, मध्ये फक्त एक पत्रा. आणि टाकीखालून सायलेन्सर जातो. चढावर तो तापून लाल होतो.

काकू: म्हणजे पोरीच्या पाठीशी.

मिस्त्री: मी कालपासून झोपलो नाही काकू.

काकू: मी चार महिने नाही झोपले. तरी बरं, मी आधीपासून या गाडीला सवत म्हणते. खरी सवत आणली असती तर निदान दोन भांडी तरी घासली असती. ही बसून राहते, पेट्रोल पिते आणि घरभर वास सोडते.

मिस्त्री: पण दिसते छान.

काकू: सवती छानच दिसतात. काय काय तपासलंस ते सांग मला. समजेल अशा भाषेत.

मिस्त्री: पहिल्या खेपेला पुढचं बघितलं. दोन्ही कार्बोरेटर उघडले, आतले फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारे गोळे, हलवून पाहिले. कोरडे. दुसऱ्या खेपेला खाली झोपून पंपापासून पुढे येणारी नळी सगळी हाताने चाचपली. प्रत्येक जोडावर खडूची पूड मारली आणि रात्रभर ठेवली. कुठे ओल असती तर पूड काळी पडली असती. सकाळी पांढरीशुभ्र. गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर एक थेंब नाही.

काकू: आणि मागचं?

मिस्त्री: मागचं उस्तादांनी स्वतः केलंय. टाकीच्या तोंडाची नळी त्यांनीच बदलली ना थंडीत? मागच्या खेपेला डिकीतला पत्रा काढून आत डोकावलो होतो. पिवळा ठिपका दिसला. मग पत्रा परत लावून टाकला.

काकू: ठिपका दिसला म्हणून सोडून दिलंस?

मिस्त्री: उस्तादांचा नियमच तो. क्लिप आवळली, बोल्ट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका. ठिपका नाही म्हणजे आवळलेलं नाही. ठिपका आहे म्हणजे पुन्हा हात लावायचा नाही, तो विश्वास. त्यांच्या हाताखालून गेलेली आम्ही सगळी माणसं अजून तसंच करतो. फक्त मी रेघ मारतो, ब्रश फिरवला की झालं. ते चिडतात. म्हणतात, रेघ ही आळशाची सही.

काकू: बरं. आता माझं ऐक, अडाणी बाईचं. हा वास रोज सारखा नसतो. हे शनिवारी जाऊन टाकी काठोकाठ भरून आणतात. शनिवारी रात्री, रविवारी, सोमवारी घरात बसवत नाही. बुधवारपर्यंत मरतो. गुरुवारी मलाच वाटतं की आपल्याला भास झाला होता. परत शनिवार. या वेळी तर घाटासाठी म्हणून कालच भरून आणली.

मिस्त्री: हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?

काकू: मला कुणी विचारलं? आणि काल मी फाटकात उभी होते, हे टाकी भरून, वळण घेऊन आत आले, तर वळताना एकदम भपकारा आला. सरळ येताना नव्हता.

मिस्त्री: भरलेली टाकी. वळण. म्हणजे पेट्रोल वरपर्यंत आलं आणि कलंडलं की गळतं. अर्धी टाकी असली की त्या जागेपर्यंत पोचतच नाही. खालचे जोड नाहीत काकू. वरचा आहे.

काकू: वरचा म्हणजे?

मिस्त्री: टाकीच्या तोंडाची नळी.

काकू: ती ठिपकावाली?

मिस्त्री: तीच.

काकू: गप्प बस, हे येताहेत.

उस्ताद: काय रे गडबड्या, माझी गाडी सोडून माझ्या बायकोशी गप्पा? घे. कपाटाच्या पार मागे गेला होता.

मिस्त्री: हा...

उस्ताद: मोजायचा टेप. मागितला होतास ना?

मिस्त्री: हो उस्ताद. लागेलच. ठेवा इथे.

काकू: बसा जरा. जिने चढून उतरून दम लागला असेल.

उस्ताद: मला दम लागत नाही. तुम्हाला दोघांना वास लागलाय तेवढं बघा. मी रोज या गाडीत बसतो, मला कधी आला नाही. चाळीस वर्षं इंजिनात डोकं घातलंय. उघडलेल्या गाडीत पेट्रोल आहे की डिझेल ते मी डोळे मिटून सांगायचो.

मिस्त्री: सांगायचात. शिरा ताणून पैजा लावायचो आम्ही.

उस्ताद: आणि हरायचात. अकरा वर्षं लागली मला ही गाडी उभी करायला. लोक म्हणाले भंगारात घाल. एक एक स्क्रू माझ्या हातचा आहे. वास येतो म्हणे. फोन वाजतोय का आत?

काकू: वाजतोय. नातीचाच असेल. शाळेतून आली की ती तुम्हालाच करते. जा, उचला.

उस्ताद: जातो. गडबड्या, मागे हात घालू नकोस. मागचं मी केलंय.

मिस्त्री: नाही उस्ताद.

काकू: गेले. घाल मागे हात.

मिस्त्री: काकू...

काकू: घाल म्हणते ना. फोन स्पीकरवर आहे, ती तिथे हसतेय, ऐकू येतंय का? तू पत्रा काढ. मोबाइलचा दिवा मी धरते.

मिस्त्री: चार स्क्रू आहेत. धरा. थोडा डावीकडे. हं. नळी नवीन आहे. क्लिप जागेवर आहे. ठिपका आहे, बघा, स्पष्ट. मी सांगत होतो ना.

काकू: हात लाव.

मिस्त्री: ठिपक्याला हात लावायचा नसतो.

काकू: अरे, तुझ्या उस्तादांचा नियम पाळता पाळता माझी नात जळेल. लाव हात.

मिस्त्री: लावतो. दिवा जवळ आणा.

काकू: काय?

मिस्त्री: फिरतेय.

काकू: म्हणजे?

मिस्त्री: बोटाने फिरतेय क्लिप. आवळलेलीच नाही. बाहेरून नुसती घातलीय आणि वर ठिपका मारलाय. नळीच्या खाली बघा, पत्र्यावर डाग आहे. थेंब खाली पडायच्या आत उडून जातो, म्हणून वर्तमानपत्रावर काही येत नव्हतं. चार महिने हे असंच.

काकू: घाईत राहिलं असेल.

मिस्त्री: उस्तादांना घाई? त्यांनी आयुष्यात घाई केली नाही. घाई माझी होती काकू. तुम्हाला माहीतच आहे.

काकू: ते आता कशाला काढतोस.

मिस्त्री: सतरा वर्षांचा होतो. जेवायला जायचं म्हणून क्लिप अर्धी ठेवून उठलो, परत आल्यावर विसरलो. गाडी सुरू केली आणि माझ्या तोंडासमोर भडका. उस्तादांनी मला मागे ओढलं आणि जळती नळी हाताने दाबून धरली. त्यांचा हात गेला, माझं तोंड राहिलं. मालक आला तेव्हा सांगितलं, चूक माझी, पोराची नाही. ठिपक्याचा नियम त्यानंतरचा. माझ्यासाठी केलेला.

काकू: सहा महिने मी त्यांना भरवत होते. एकदासुद्धा तुझं नाव घेतलं नाही त्यांनी.

मिस्त्री: म्हणून म्हणतो, हे मी त्यांना सांगू शकत नाही.

काकू: कुणी सांगायचंही नाही. आत्ता आवळून टाक. सांग, नळीचं रबर खराब होतं.

मिस्त्री: आणि पुढच्या वेळेला? ब्रेकच्या नळीवर ठिपका मारला तर?

काकू: हा बघ, दिवा धरलाय. तू आवळ.

मिस्त्री: काकू, घरात काही होतं का? म्हणजे अजून काही?

काकू: काय व्हायचंय? लक्ष नसतं त्यांचं. माणूस रिकामा बसला की लक्ष उडतं. परवा दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं, हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. घरभर धूर. मी म्हटलं, अहो, वास नाही आला? म्हणाले, सर्दी झालीय.

मिस्त्री: झाली होती सर्दी?

काकू: वर्षभर असते का कुणाला सर्दी? मी आता झोपताना गॅसची मुख्य चावी बंद करते आणि त्यांना सांगत नाही. तू नळीचं रबर खराब होतं म्हण. एवढं कर माझ्यासाठी.

मिस्त्री: ती पोर घाटात जाणार.

काकू: रविवारी मी आजारी पडेन. कशी पडायची ते मी बघते. तू आधी क्लिप आवळ.

(उस्ताद दारात उभे आहेत. हातात दिवा आहे.)

उस्ताद: हा घे दिवा. जिन्यात आठवलं. तू दिवा मागितला होतास. टेप नव्हता मागितला.

मिस्त्री: दोन्ही लागणारच होतं उस्ताद.

उस्ताद: तू टेप बघून ‘हो’ म्हणालास. ग्राहकाला म्हणतो तसं. पोर फोनवर थांबलीय, टेबलावर ठेवून आलोय. विचारतेय, रविवारी किती वाजता निघायचं. मी म्हटलं, मिस्त्रीला विचारून सांगतो. काय सापडलं?

मिस्त्री: नळी उस्ताद. टाकीच्या तोंडाची. रबर चिरलंय. हल्ली मालच असा येतो.

उस्ताद: दाखव.

मिस्त्री: मी बदलून टाकतो, तुम्ही फोनवर बोला.

उस्ताद: दाखव म्हटलं. सरक. दिवा इकडे. हे रबर नवं आहे. नख रुततं आणि परत वर येतं. चिरलेलं रबर असं वागत नाही, हे मीच शिकवलंय तुला.

मिस्त्री: आतून चिरलं असेल.

उस्ताद: आणि क्लिप बोटाने फिरतेय.

मिस्त्री: ती माझी चूक. मागच्या खेपेला मीच काढून परत बसवली. आवळायची राहिली.

उस्ताद: तू?

मिस्त्री: हो. माझं गडबडीचं काम, तुम्हाला माहीत आहे.

काकू: मी इथेच उभी होते. यानेच बसवली.

उस्ताद: तू पण?

काकू: मी... हो. मी बघितलं ना.

उस्ताद: मग हा ठिपका कुणाचा?

मिस्त्री: माझा.

उस्ताद: तू रेघ मारतोस. अठ्ठावीस वर्षं सांगून थकलो, ठिपका मार, ठिपका मार. तू रेघच मारतोस.

मिस्त्री: तुमच्या गाडीवर म्हणून ठिपका मारला.

उस्ताद: जवळ ये. नीट बघ. या ठिपक्याला खाली शेपूट आहे. माझी ही दोन बोटं जळल्यापासून वळत नाहीत, ब्रश तिरका पडतो, ठिपक्याला शेपूट येतं. असं शेपूट तुला काढता येणार नाही. तुझी बोटं चांगली आहेत.

मिस्त्री: उस्ताद...

उस्ताद: खोटं बोलायचं तर माझ्यासारखं बोलावं. मालकाला पटलं होतं. कधी बसवली ही नळी मी?

काकू: थंडीत. तुम्ही दुकानात मला बरोबर घेऊन गेला होतात. तीन नळ्या वाकवून पाहिल्या आणि ही घेतली. येताना आपण बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले.

उस्ताद: शेंगदाणे.

काकू: तुम्ही म्हणालात, खारट आहेत.

उस्ताद: मला दुकान आठवत नाही. बाक आठवत नाही. याच्या तोंडासमोर झालेला भडका आठवतो, त्या दिवशी याने घातलेला शर्ट आठवतो. निळा, कॉलर फाटलेली. ही नळी मी आज पहिल्यांदा बघतोय.

मिस्त्री: होतं असं उस्ताद. कामाच्या नादात होतं.

उस्ताद: गप. आत्ता इथे वास येतोय?

मिस्त्री: थोडा.

उस्ताद: तू सांग गं.

काकू: डोळे चुरचुरतात इतका.

उस्ताद: मी आत्ता नळीला नाक लावलं होतं. तुम्ही बघितलंत. मला रबराचा आला नाही, पेट्रोलचा आला नाही. तू केसांना जे तेल लावतेस ना, त्याचाही नाही. बरेच दिवस झाले. मला वाटलं, तू तेल बदललंस.

काकू: मी नाही बदललं.

उस्ताद: विचारायचं होतं. मग वाटलं, विचारलं तर तू सांगशील.

काकू: आणि मी कशाला काढू तो विषय. तुम्हाला गाडी आहे, मला तुम्ही आहात. चाललं होतं.

उस्ताद: चाललं होतं. पोरीच्या पाठीशी टाकी घेऊन चाललं होतं. गडबड्या, पाना घे.

मिस्त्री: घेतला.

उस्ताद: आवळ. अजून. अजून अर्धा फेरा. बस. आता रंगाची बाटली घे, त्या फळीवर आहे. माझा ठिपका पुसून टाक.

मिस्त्री: पुसत नाही उस्ताद. त्याच्या शेजारीच मारतो.

उस्ताद: पूस. खोटा ठिपका ठेवायचा नाही, नियम कुणाचा आहे?

मिस्त्री: तुमचा. पुसला. आता ठिपका मारू का?

उस्ताद: रेघ मार. म्हणजे पुढे कुणी पत्रा उघडला तर कळेल, काम कुणाच्या हातचं आहे. आणि ती बाटली परत फळीवर ठेवू नकोस. तुझ्या पेटीत टाक. गाडीची किल्लीही.

मिस्त्री: किल्ली कशाला? आता काही भीती नाही. रविवारी मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा.

उस्ताद: गाडी दोन माणसांची आहे. मी बसलो तर पोर कुठे बसणार? तू ने तिला. हळू ने. वळणावर हॉर्न दे.

काकू: अहो, ती अजून फोनवर थांबलीय. मी जाऊन सांगू? म्हणते, गाडी बिघडलीय, पुढच्या सुट्टीत बघू.

उस्ताद: गाडी ठीक आहे.

काकू: मग काय सांगू तिला? आजोबांना बरं नाही? कंबर धरलीय?

उस्ताद: कंबरही ठीक आहे. थांब, मीच सांगतो. तू फक्त माझ्याबरोबर आत चल, मध्येच काय सांगायचं ते गेलं तर जवळ असावीस.

काकू: काय सांगणार आहात?

उस्ताद: तेच. आजोबा विसरायला लागलेत म्हणून.